डमी बोली : जुन्या कॉमिक्सच्या लिलावांतील एका संशयाचा मागोवा

(दृश्य : टेबलावर पारदर्शक पिशवीत ठेवलेला जुना अंक. कॅमेरा मुखपृष्ठावरून गंजलेल्या पिनांकडे सरकतो.)

हा अंक इंद्रजाल कॉमिक्सच्या मराठी मालिकेतला आहे. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले आणि १९९० मध्ये ते बंद पडले. अमेरिकी लेखक ली फॉक यांचा १९३६ सालचा चित्रकथानायक फँटम मराठी घरांत वेताळ म्हणून आला तो या पातळ अंकांमधून. एके काळी रुपया-दोन रुपयांना मिळणारे हे अंक सोलापुरात गिरण्यांच्या चाळींपासून रेल्वे लाइन्सपर्यंत भाड्याने वाचले गेले, हातोहात फिरून फाटले आणि बहुतेक रद्दीत गेले. जे वाचले त्यांचा कागद इथल्या उन्हाळ्याने तपकिरी झाला, कडा हात लावताच तुटू लागल्या. त्यामुळे पिना शाबूत असलेली, पान न गळालेली प्रत आज काही हजारांना मागितली जाते.

अशा प्रतीचे मोल ठरवण्यासाठी कोणतेही सर्वमान्य दरपत्रक नाही. मागच्या लिलावात ती कितीला गेली, एवढाच आधार विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला असतो. म्हणूनच त्या मागच्या लिलावातली बोली खरी होती का, हा प्रश्न एका व्यवहारापुरता उरत नाही. विक्रेत्याने स्वतः दुसऱ्या नावाने किंवा एखाद्या मित्राला पुढे करून आपल्याच वस्तूवर बोली लावायची, आणि तीही वस्तू घेण्यासाठी नव्हे तर खऱ्या ग्राहकाला वर चढवण्यासाठी, असा हा प्रकार आहे. संग्राहकांच्या बोलण्यात तो डमी बोली या नावाने येतो.

(दृश्य : लांब वही. तारखा, रकमा, पेन्सिलीच्या खुणा.)

सोलापुरातील एक निवृत्त शिक्षक, ज्यांना या वर्तुळात सगळे सर म्हणूनच ओळखतात, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या लिलावांची नोंद या वहीत ठेवतात. या लिलावांची रीत साधी असते. विक्रेता अंकाचे फोटो टाकतो, सुरुवातीची किंमत आणि किमान वाढ सांगतो, रात्री नऊ किंवा दहाची वेळ देतो, आणि त्या वेळेपर्यंतची सर्वांत मोठी रक्कम लिहिणाऱ्याला अंक कुरिअरने जातो. सर प्रत्येक प्रतीचे व्यंगही लिहून ठेवतात, कारण जुन्या अंकांत दोन प्रती अगदी एकसारख्या कधीच नसतात. याच सवयीमुळे एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली.

वहीतल्या एका पानावर वेताळाच्या एका अंकाची नोंद आहे. त्याच्या मुखपृष्ठावर भाड्याने पुस्तके देणाऱ्या कुठल्याशा दुकानाचा जांभळा शिक्का तिरका उमटलेला आहे, अर्धा शिक्का घोड्याच्या मानेवर आणि अर्धा किमतीच्या चौकटीवर. तिसऱ्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने ११७ हा आकडा आहे. ही प्रत ४,२०० रुपयांना विकली गेली. काही आठवड्यांनी त्याच विक्रेत्याने ‘आणखी एक प्रत मिळाली’ असे लिहून अंक पुन्हा लावला आणि तो ४,६०० ला गेला. फोटोत शिक्का तोच, तसाच तिरका, आकडाही तोच. दोन्ही वेळा जिंकणाऱ्या नंबरांनी या विक्रेत्याशिवाय इतर कोणाच्याही लिलावात कधी एकही बोली लावलेली नव्हती. तिसऱ्यांदा तीच प्रत आली, तेव्हा आधीच्या दोन विक्रींचा दाखला देण्यात आला, आणि बार्शीच्या एका संग्राहकाने त्या दाखल्यावर भरवसा ठेवून ५,१०० रुपये मोजले. हा माणूस मात्र खरा होता. पैसे खरेच गेले आणि अंक खरेच त्याच्या घरी पोहोचला.

या नोंदीपुढे सरांनी ‘संशय’ एवढाच शब्द लिहिला आहे, फसवणूक असे लिहिलेले नाही, आणि आमच्या मते हा संयम योग्य आहे. लिलाव जिंकून पैसे न देणारे लोक या छंदात पुष्कळ आहेत, आणि तशा वेळी विक्रेत्याने अंक पुन्हा लावणे स्वाभाविक आहे. एकाच विक्रेत्याकडे बोली लावणारा माणूसही आपोआप संशयित ठरत नाही. ज्याला फक्त मराठी इंद्रजाल हवे आहेत आणि ते ज्याच्याकडे सातत्याने मिळतात असा विक्रेता एकच आहे, त्याने दुसरीकडे जायचे तरी कशाला? परंतु विक्री फसली होती तर ‘आणखी एक प्रत मिळाली’ असे का लिहिले, आणि फसलेल्या विक्रीची रक्कम पुढे दाखला म्हणून का दिली, या दोन प्रश्नांची उत्तरे विचारूनही मिळालेली नाहीत.

(दृश्य : संगणकाच्या पडद्यावर बोलींचा चढता क्रम.)

मोठ्या संकेतस्थळांवर हाच प्रकार अधिक बारकाईने करता येतो, कारण तिथे ग्राहक आपली कमाल रक्कम आधीच नोंदवून ठेवतो आणि यंत्रणा त्याच्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवत जाते. समजा, एखाद्याने कमाल ४,००० रुपये नोंदवले आणि दुसरा खरा ग्राहक १,२०० वर थांबला, तर ५० रुपयांच्या वाढीने अंक १,२५० ला मिळायला हवा. मध्ये एक डमी शिरून १,५००, २,०००, २,८०० असे करत ३,५०० पर्यंत आला, तर तोच ग्राहक ३,५५० रुपये भरतो. याहून धीट युक्ती बोली मागे घेण्याच्या सोयीचा उपयोग करते. डमी एकदम ९,००० ची बोली लावतो, पडद्यावरची किंमत ४,०५० ला येऊन थांबते, आणि आधीच्या ग्राहकाची कमाल मर्यादा ४,००० आहे हे उघड होते. मग ‘रक्कम चुकून टाइप झाली’ असे कारण देऊन ती बोली मागे घेतली जाते आणि दुसऱ्या खात्यावरून ३,९०० ची बोली येते. ग्राहकाला दिसते ते एवढेच, की अंकाला मागणी मोठी होती.

ग्राहकाने स्वतःच ४,००० कबूल केले होते, मग त्याचे नुकसान कसले, असा युक्तिवाद येथे हमखास केला जातो. तो आम्हाला अजिबात पटत नाही. ग्राहकाने कबूल केलेले असते ते दुसऱ्या खऱ्या ग्राहकाला मागे टाकण्यापुरते पैसे; विक्रेत्याशीच झुंजण्याचे पैसे त्याने कधीच कबूल केलेले नसतात.

परदेशात या छंदातल्या रकमा डोळे दिपवणाऱ्या आहेत. जून १९३८ च्या तारखेचा, दहा सेंट किमतीचा अ‍ॅक्शन कॉमिक्सचा पहिला अंक, ज्यात सुपरमॅन प्रथम अवतरला, २०२४ मध्ये ६० लाख डॉलरला विकला गेला; स्पायडरमॅन प्रथम अवतरला त्या अंकाची एक प्रत २०२१ मध्ये ३६ लाख डॉलरला गेली होती. अशा आकड्यांच्या बाजारात संशयाची कुजबुज कायम असते, पण तो संशय कागदोपत्री सिद्ध झाल्याची जी उदाहरणे ठळक आहेत ती शेजारच्या क्षेत्रांतली आहेत. मे २००० मध्ये ईबे या ऑनलाइन लिलावाच्या संकेतस्थळावर पंचवीस सेंटपासून सुरू झालेले एक चित्र, ते रिचर्ड डिबेनकॉर्न या नामवंत चित्रकाराचे असावे अशा समजुतीने, १,३५,८०५ डॉलरपर्यंत चढले. विक्रेत्याने स्वतःच दुसऱ्या खात्यावरून बोली लावल्याचे आढळल्यावर ईबेने विक्री रद्द केली, आणि त्याने व त्याच्या एका साथीदाराने २००१ मध्ये गुन्हा कबूल केला. क्रीडाविषयक संग्राह्य वस्तूंचे मोठे लिलावगृह चालवणारे बिल मास्ट्रो यांनी २०१३ मध्ये इलिनॉयमधील खटल्यात गुन्हा कबूल केला आणि २०१५ मध्ये त्यांना वीस महिन्यांची कैद झाली. डमी बोलींबरोबरच बेसबॉलपटू होनस वॅगनर याचे चित्र असलेल्या अतिदुर्मीळ कार्डाच्या कडा, ते अधिक चांगल्या स्थितीतले दिसावे म्हणून, कापल्याचेही त्यांनी मान्य केले होते.

अशा प्रकरणांत निर्णायक ठरतात त्या आतल्या नोंदी, म्हणजे कोणते खाते कोणाचे आणि कोणती बोली कोणाच्या सांगण्यावरून लागली, याचा तपशील. बाहेरच्या माणसाला तो दिसत नाही. ईबेने २००७ च्या सुमारास बोली लावणाऱ्यांची नावे झाकायला सुरुवात केली. हरलेल्या ग्राहकांना गाठून खोटे देकार पाठवणाऱ्या भामट्यांना आळा घालणे, असे त्याचे कारण देण्यात आले. कारण खोटे नव्हते, तरीही परिणाम असा झाला, की पूर्वी संग्राहक आपापसांत नावे ताडून पाहू शकत होते, ते आता अवघड झाले. एखाद्या खात्याने एकाच विक्रेत्याकडे किती टक्के बोली लावल्या आणि किती मागे घेतल्या, एवढी ढोबळ माहिती उरते.

(दृश्य : सोलापूर बाजार समितीचे आवार. कांद्याच्या ढिगाभोवती उभे असलेले खरेदीदार.)

सोलापूरच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव पाहणाऱ्याला उघड बोली आणि झाकलेली बोली यांतला फरक चटकन जाणवतो. येथे बोली उघड पुकारली जाते, ढीग आणि खरेदीदार दोघेही समोर असतात, आणि खरेदीदाराला बाजार समितीचा परवाना लागतो. या पद्धतीबद्दलही शेतकऱ्यांच्या तक्रारी आहेत आणि त्या गंभीर आहेत, पण बोली लावणारा कोण, हे तरी येथे झाकलेले नसते. व्हॉट्सअ‍ॅपच्या लिलावात बोली एका नंबराची असते, आणि दुसरे सिम कार्ड घ्यायला कितीसा वेळ लागतो?

कायदा याबाबतीत मुका नाही, हे फार थोड्या संग्राहकांना ठाऊक आहे. वस्तू विक्री अधिनियम, १९३० चे कलम ६४ लिलावाविषयीच आहे. विक्रेत्याला बोली लावण्याचा हक्क हवा असेल तर त्याने तो आधी स्पष्टपणे राखून ठेवला पाहिजे, आणि तसा ठेवला तरच तो स्वतः किंवा त्याच्या वतीने एकच माणूस बोली लावू शकतो. असे जाहीर न करता बोली लावली, तर ग्राहकाला ती विक्री कपटाची मानता येते, आणि किंमत वाढवण्यासाठी खोटी बोली वापरली असल्यास ती रद्द करून घेण्याचा पर्याय त्याच्याकडे असतो. राखीव किंमत ठेवायलाही हेच कलम मोकळीक देते. म्हणजे आपला अंक मातीमोल जाऊ नये अशी रास्त चिंता असलेल्या विक्रेत्यासाठी सरळ वाट आहेच. ४,००० च्या खाली देणार नाही, असे त्याने पहिल्याच ओळीत लिहावे.

सर ज्या ग्रुपमध्ये आहेत तिथे आता बदल झाले आहेत. राखीव किंमत असल्यास ती आधी सांगावी लागते, एकदा लावलेली बोली मागे घेता येत नाही, आणि विकलेला अंक पुन्हा आला तर मागची विक्री का पूर्ण झाली नाही हे विक्रेत्याने लिहायचे असते. नव्या सदस्याला जुन्या सदस्यांपैकी कोणीतरी प्रत्यक्ष ओळखत असले पाहिजे, ही अट सर्वांत वादाची ठरली, कारण तिने काही प्रामाणिक नवखेही बाहेर राहतात. आमच्या मते त्या अटीचा फेरविचार व्हावा. बाकीच्या तीन अटी मात्र कोणत्याही ग्रुपने आज रात्रीपासून लागू कराव्यात अशा आहेत.

(दृश्य : पत्र्याची पेटी, आत अंकांचे गठ्ठे.)

लक्ष्मी-विष्णू गिरणीत नोकरी केलेल्या एका गृहस्थांच्या पश्चात त्यांच्या मुलांना घरात कॉमिक्सची ही पेटी सापडली आणि त्यांनी सरांकडे किमतीची विचारणा केली. शिक्का असलेल्या त्या प्रतीच्या तिन्ही विक्री सरांनी हिशेबातून वगळल्या होत्या, त्यामुळे त्यांनी सांगितलेला आकडा मुलांनी मोबाइलवर पाहिलेल्या रकमेपेक्षा बराच कमी निघाला. मुले नाराज झाली. सरांनी वहीतले ते पान त्यांच्यासमोर उघडले, दोन्ही फोटोंतला शिक्का शेजारी शेजारी ठेवून दाखवला, आणि या रकमेच्या भरवशावर पेटी विकायला काढू नका असे सांगितले. मुलांनी अजून काही ठरवलेले नाही.