ब्रेस्टस्ट्रोकचं टायमिंग अडकलंय? आधी मांड्या बघा

नमस्कार मंडळी. आजचा व्हिडिओ ५० आणि १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक पोहणाऱ्यांसाठी आहे. त्यातही ज्यांचं टायमिंग सहा-आठ महिने एकाच आकड्यावर अडकलंय त्यांच्यासाठी. "मॅडम, रोज टँकवर येतो, एक दिवस चुकवत नाही, पण टायमिंग काही केल्या पुढे सरकत नाही." हे मी शाळकरी मुलांकडून ऐकते आणि चाळिशीतल्या मास्टर्सवाल्यांकडूनही, म्हणजे प्रौढांच्या स्पर्धांत पोहणाऱ्यांकडूनही.

आधी मनावरचं ओझं थोडं हलकं करते. इंग्लंडचा अ‍ॅडम पीटी रिओ ऑलिंपिकमध्ये ऑगस्ट २०१६ला १०० मीटर ५७.१३ सेकंदांत पोहला. विश्वविक्रम. दोन वर्षांनी ग्लासगोत त्यानं तो मोडला तेव्हा वेळ होती ५७.१०. दोन वर्षांची मेहनत आणि हाती आले तीन शतांश सेकंद! मग २०१९मध्ये ग्वांगजूला ५६.८८. त्यामुळे अडकलात म्हणजे तुमच्यात काही नाही, असं कृपा करून समजू नका.

आता माझ्याकडच्या एका मुलीची गोष्ट सांगते. वय १४, ५० मीटरला ३८.४. जवळजवळ वर्षभर तेच. काठावरून जो तो तिला एकच सांगायचा, "हात जोरात मार, हात!" पोरगी गुणी, तिनं ऐकलं. आधी २८ स्ट्रोकमध्ये टँक पार व्हायचा, आता ३३ लागले. वेळ आली ३८.८. दमली जास्त आणि पोहली हळू. त्या दिवशी ती चेंजिंग रूममधून अर्धा तास बाहेर आली नाही.

असं का झालं, ते नीट समजून घ्या.

(कॅमेऱ्यासमोर तळहात आडवा धरून पुढे सरकवत)

फ्रीस्टाइलमध्ये वेग बऱ्यापैकी सलग राहतो. ब्रेस्टमध्ये तसं नसतं. किक बसली की अंग सुसाट पुढे जातं, आणि पुढच्या किकसाठी पाय गोळा करताना जवळपास थांबतं. दर स्ट्रोकला एकदा गाडी पळते, एकदा ब्रेक लागतो. शिवाय वेग वाढला की पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या हिशोबानं वाढतो, वेग दुप्पट तर विरोध चौपट. मग ब्रेक तसाच ठेवून हात जलद केले तर काय होणार? मिनिटाला जास्त वेळा ब्रेक लागणार.

मी वॉटरप्रूफ पाऊचमध्ये फोन घालून शेजारच्या लेनमध्ये पाण्याखाली उभी राहिले आणि तिचं बाजूनं शूटिंग केलं. एकेक फ्रेम थांबवून पाहिली. पाय गोळा करताना गुडघे थेट पोटाखाली येत होते. मांड्या अंगाशी काटकोनात, पाण्यासमोर दोन फळ्या उभ्या केल्यासारख्या. तिच्या नाकातून सुटलेले बुडबुडे मागे पडायला हवेत ना? त्या क्षणी ते तिच्या कानाशी तसेच रेंगाळत होते. म्हणजे ती पाण्यात उभीच राहिली होती. तिला ती फ्रेम दाखवली. बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "मॅडम, हे मी रोज करते?"

तर दुरुस्ती अशी. गुडघे पुढे आणायचे नाहीत, टाचा कुल्ल्यांकडे न्यायच्या. घरी सतरंजीवर पालथे झोपा आणि टाचा वर ओढा. मांड्या जमिनीलाच टेकलेल्या राहतात, बघा. पाण्यात कंबरेत थोडा वाक येणारच, तो यायलाही हवा, पण भावना हीच ठेवायची. टाचा वर आल्या की पंजे बाहेर वळवायचे, पावलाची आतली कड पाण्याला लागली पाहिजे, आणि मग किक. शेवटी पाय जुळलेले, बोटं ताणलेली. पंजे उशिरा वळले तर अर्धी किक फुकट जाते.

पंजे वळतच नसतील तर घोटे आखडलेले आहेत. टाचा टेकवून उकिडवं बसता येतं का पाहा. आजी-आजोबांना सहज यायचं, खुर्चीवर वाढलेल्या मुलांना येत नाही. रोज दोन-तीन मिनिटं बसा, सुरुवातीला दाराची चौकट धरून.

आता माझा सगळ्यात लाडका ड्रिल, कारण यात कोच शेजारी नसला तरी चालतं. पाठीवर झोपा, हात डोक्यामागे लांब, आणि ब्रेस्टची किक मारा. गुडघे पाण्याबाहेर आले की समजायचं, मांड्या वर ओढल्या. पाणी स्वतःच चूक दाखवतं. आम्ही रोज वॉर्म-अपनंतर २५ मीटरचे आठ असे केले. त्यानंतर दोन किक, एक पुल, म्हणजे दोनदा पाय मारायचे आणि एकदाच हातांनी पाणी ओढायचं.

पहिले तीन आठवडे काय झालं माहितीये? वेळ वाढली. ३९.५. तिच्या आईचा चेहरा उतरला. वर्षानुवर्षांची सवय मोडताना असं होतं, म्हणून मी त्या काळात स्टॉपवॉच बॅगेत टाकलं आणि फक्त स्ट्रोक मोजायला लावले. अडकलेले बहुतेक जण इथेच माघार घेऊन जुन्या पद्धतीकडे वळतात.

दुसरा बदल सरावात. रोज ८०० मीटर संथ ब्रेस्ट मारून स्प्रिंट सुधारत नाही. शरीर संथ लयच शिकतं. २५ मीटर पूर्ण जोरात, मग दोन मिनिटं विश्रांती, असे सहा. स्ट्रोक नेहमीपेक्षा दोननं वाढले की सेट तिथंच बंद. दमलेल्या अंगानं चुकीचा स्ट्रोक पक्का करण्यात काय अर्थ?

आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखलं तर ब्रेस्टची किक त्याच क्षणी थांबवा. ब्रेस्टवाल्यांची ही नेहमीची दुखापत आहे. "सहन कर" म्हणणाऱ्याचं ऐकू नका, डॉक्टरांना दाखवा. विशेषतः लहान मुलांच्या पालकांनो, हे लक्षात ठेवा.

दहाव्या आठवड्यात तिची वेळ आली ३७.६. स्ट्रोक २६. हिशोब करा. उडी आणि पुल-आउटची (उडीनंतर पाण्याखालून जातो त्या भागाची) साधारण १० मीटर सोडली तर पूर्वी एका स्ट्रोकमध्ये ती १.४३ मीटर जायची, आता १.५४. हातांची गती मात्र आधीपेक्षा किंचित कमीच आहे. म्हणजे काठावरचे लोक जे ओरडत होते, ते करायची वेळ आत्ता आली आहे.

त्यासाठी टोपीत टेम्पो ट्रेनर, म्हणजे ठरावीक अंतरानं बीप देणारं छोटं यंत्र, घालतो, दर बीपला एक स्ट्रोक. १.२० सेकंदांपासून सुरुवात केली. काल १.१७ला २६ स्ट्रोक टिकले. १.१५ला लगेच २८ झाले, गुडघे पुन्हा पोटाखाली. म्हणून हा आठवडाभर आम्ही १.१७वरच थांबलोय.