खसखशीएवढं सैन्य आणि जुव्याची सुकती

श्रोतेहो, नमस्कार.

खसखशीचा एक दाणा बोटावर घ्या. साधारण एक मिलिमीटर भरेल. आज ज्या सैन्याबद्दल बोलायचं आहे, त्यातल्या शिपायाचं डोकं एवढंच असतं. आख्खा शिपाई सहा मिलिमीटरचा. पुन्हा सांगतो, सेंटिमीटर नव्हे, मिलिमीटर. खरा माणूस तीनशेपट लहान केला की एवढा होतो.

इतिहासातली एखादी खरी लढाई घ्यायची, तिची जमीन टेबलावर तयार करायची, दोन्हीकडचं सैन्य मांडायचं आणि फासे, फूटपट्टी नि थोडे नियम घेऊन ती पुन्हा लढायची, असा हा छंद आहे. प्रशियात राइसविट्झ नावाच्या बापलेकांनी असा खेळ तयार केला. बापाने १८१२ साली तो राजापुढे ठेवला, तेव्हा डोंगर, नद्या, गावं असे जमिनीचे सुटे तुकडे होते आणि ते लाकडी कपाटाच्या खणांत बसवलेले होते. मुलाने पुढे १८२४ साली नकाशावर खेळायची पद्धत आणली आणि लष्करी अधिकारी तीवर शिकू लागले. मला त्यातला बाप जास्त आवडतो. जमीन सुट्या तुकड्यांची हवी, हे त्याला कळलं होतं.

परदेशी धातूचे शिपाई महाग पडतात, वर टपाल आणि जकात. आमच्या फोंड्यातल्या मुलांनी त्यावर उपाय काढला. खराट्यातला हीर चिरून त्याचे पाच पाच मिलिमीटरचे तुकडे करायचे, पुठ्ठ्याच्या पट्टीवर फेविकॉलने ओळीत उभे करायचे, आणि प्रत्येकाच्या टोकाला एक खसखस. हातभर अंतरावरून बघा, पलटण उभी आहे असंच वाटतं. नाक-डोळे रंगवायची भानगड नाही.

आता जमीन. इथे एक गोष्ट नीट ऐका, कारण नवखी मुलं इथेच अडतात. शिपायाचं माप वेगळं आणि जमिनीचं माप वेगळं. शिपाई तीनशेव्या भागाएवढा आहे म्हणून जमीनही त्याच मापाची धरली, तर एक किलोमीटरला सव्वातीन मीटरहून लांब टेबल लागेल. एवढं टेबल कोणाच्या फ्लॅटमध्ये मावणार? म्हणून जमिनीला एक सेंटिमीटर म्हणजे पन्नास मीटर असं धरायचं. मग तीन फूट बाय दोन फुटांच्या फळीवर साडेचार किलोमीटर लांब आणि तीन किलोमीटर रुंद मुलूख बसतो. पन्नास मीटरची टेकडी एक सेंटिमीटर उंच होते. शंभर मीटरची खाडी दोन सेंटिमीटर रुंद. आणि एक घर म्हणजे एक घर नव्हे, आख्खा वाडा, म्हणजे आख्खी वस्ती. शिपायाचं माप वेगळं, जमिनीचं वेगळं. एवढं पक्कं धरा.

टेकडीला सामानाच्या खोक्याचा नालीदार पुठ्ठा. एकावर एक थर, वरचा थर लहान. पुठ्ठ्याच्या एकाच बाजूला फेविकॉल लावला तर वाळताना तो पापडासारखा वर उचलतो, म्हणून खालून आणि वरून, दोन्ही बाजूंनी कागद चिकटवा आणि वजनाखाली वाळवा. दोन्ही बाजूंनी, विसरू नका. हे काम पावसाळ्यात काढू नका. वर लाल माती. चिरे कापतात तिथे चिऱ्याचा भुगा फुकट मिळतो, तो चहाच्या गाळणीतून चाळून घ्यायचा. फेविकॉलमध्ये तितकंच पाणी घालून ते टेकडीवर फासायचं आणि वरून भुगा भुरभुरायचा. आपल्या गोव्याचा रंग त्यात आपोआपच येतो, डबीतल्या रंगाने तो येत नाही. शेताला, झुडपांना चहाचा चोथा. चोथा मात्र उन्हात कडकडीत वाळवा, नाहीतर बुरशी धरतो. भांडी घासायचा हिरवा काथ्या कातरला की झाडी झाली. माडाला पुन्हा हीरच, म्हणजे माडाच्या झावळीतली काडी माडाचं खोड म्हणून उभी राहते.

घरांना खोडरबर. ब्लेडने कापायचं, वर दोन उतार द्यायचे, झालं. फक्त छप्पर भडक लाल रंगवू नका. मंगळुरी कौलांचा कारखाना मंगळूरला १८६५ साली निघाला. सतराव्या शतकातलं खेडं मांडत असाल तर छप्पर झावळ्यांचं किंवा गावठी नळ्यांचं, म्हणजे मळकट तपकिरी. टीव्हीवरच्या ऐतिहासिक मालिकांत हे कोणी बघत नाही, सगळीकडे तीच कौलं, पण जाऊ दे.

महाराष्ट्रातली मुलं दिवाळीत किल्ले करतात, आपली मुलं नरकासुर करतात. ज्यांनी नरकासुर केला त्यांना कागद, खळ, तण यांचं काम शिकवावं लागत नाही. खळ मात्र इथे वापरू नका, मुंग्या आणि झुरळं टेकडी खाऊन टाकतील. आणि नरकासुरासमोर रात्रभर डीजे कशाला लागतो, हेही मला कोणीतरी एकदा समजावून सांगावं.

असो. आता जे सांगायला मी आज इथे आलो आहे, ते सांगतो.

आमच्या मुलांनी १६८३ सालची जुव्याची लढाई मांडायला घेतली होती. जुवें, म्हणजे सांत इस्तेव्ह बेट. तुम्हाला तिथली सात शिरांची भेंडी माहीत असेल. ती बाजारात दिसली तर भाव करत बसू नका, घ्या. तर त्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीला पोर्तुगीज विजरई, म्हणजे व्हाइसरॉय, कोंदे द आल्व्होर आमच्या फोंड्याच्या किल्ल्यावर चालून आला. संभाजी महाराज मदतीला पोचले आणि नोव्हेंबरच्या दहा तारखेला विजरईला तोफा-सामान आवरून मागे फिरावं लागलं. पुढे २४ नोव्हेंबरच्या रात्री, ओहोटीची वेळ साधून, मराठे जुव्याच्या बेटावर उतरले आणि तिथला किल्ला घेतला. दुसऱ्या दिवशी विजरई स्वतः तो सोडवायला आला, जखमी झाला आणि परतला.

फळी तयार होत आली होती. टेकडी झाली होती, तिच्यावर किल्ला बसला होता. खाजनाचे, म्हणजे खाडीकाठच्या शेतजमिनीचे, बांध सुतळीचे केले होते, सुतळीवर मातीचा लेप. पाणी रंगवायचं तेवढं बाकी होतं. अशा वेळी एका मुलाचे आजोबा त्याला न्यायला आले. कुंभारजुव्याच्या बाजूचे गृहस्थ, सगळा जन्म खाजनात शेती केलेले. चप्पल दाराबाहेर काढून आत आले, चष्मा चढवला आणि फळीभोवती एक पूर्ण फेरी मारली. कोणी काही बोलेना. मग त्यांनी बांधावर बोट ठेवलं आणि विचारलं, "मानस खंय?"

श्रोत्यांपैकी जे शहरात वाढले त्यांच्यासाठी सांगतो. मानस म्हणजे बांधातला लाकडी दरवाजा. ओहोटीला आतलं पाणी त्याला बाहेर ढकलतं आणि तो उघडतो. भरतीला बाहेरचं खारं पाणी त्याला दाबतं आणि तो मिटतो. शेत वाचतं. मुलांनी लगेच सुतळी एका जागी कापली, आगपेटीच्या काडीचा तुकडा आडवा बसवला. आजोबा म्हणाले, इथे नको, तिथे, वळणावर. आणि मानसाच्या तोंडाशी पाणी खोल दाखवा, तिथे प्रवाह जमीन खणतो. बांधाच्या माथ्यावरून दोन माणसं शेजारी शेजारी चालत नाहीत, मग तुमची पलटण कशी चालणार? तिथल्या तिथे नियम झाला: बांधावरून एका वेळी शिपायांची एकच पट्टी, तीही लांबीत.

मग ते खुर्चीत बसले. चहा आला. चहा बशीत ओतता ओतता त्यांनी निळ्या रंगाच्या बाटलीकडे बघितलं आणि म्हणाले, "रे पुता, हें उदक भरतेचें काय सुकतेचें?"

सुकती म्हणजे ओहोटी. मुलगा म्हणाला, "आजोबा, पुस्तकात ओहोटी लिहिलंय."

"पुस्तकांत आसूं दी. तिथी खंयची?"

आता तिथी कोणाला पाठ असणार! एका पोराने मोबाईल काढला, अमावस्येपासून हिशोब जुळवला. यात एक बरं की पोर्तुगीजांनी १५८२ सालीच नवं कॅलेंडर घेतलं होतं, तेव्हा त्यांच्या कागदातली तारीख आजच्या तारखेशी जुळते. इंग्रजांचा कागद असता तर दहा दिवसांचा घोळ झाला असता, कारण त्यांनी ते १७५२पर्यंत घेतलं नाही. हिशोबात शुक्ल पक्षातली षष्ठीच्या सुमाराची तिथी निघाली. आजोबांनी बोटाच्या पेरांवर अंगठा फिरवला. तिथीला पाऊणने गुणायचं, की भरतीची वेळ मिळते. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हा हिशोब. सहा पाऊण साडेचार. म्हणजे दुपारी साडेचारच्या सुमाराला पूर्ण भरती. त्यात सहा तास मिळवा, थोडं वर धरा. "रातचीं साडेधा," आजोबा म्हणाले, "सुकती."

खोलीत एकदम गलका. पुस्तकातली ओळ आणि आजोबांची पेरं एकाच ठिकाणी पोचली होती. मी इतिहास शिकवण्यात उभी हयात घालवली, सनावळ्यांसाठी पोरांना उभं केलं. तारखेच्या मागे चंद्र असतो आणि चंद्राच्या मागे पाणी, हे वर्गात इतक्या सहज कधी समजावता आलं नव्हतं.

पण आजोबा तिथे थांबले नाहीत. दुसऱ्या दिवसाचा हिशोब त्यांनीच पुढे नेला. सकाळी अकरा-साडेअकराला पुन्हा सुकती आणि दुपारपासून पाणी चढत जाणार. मग तुमचं उदक एका जागी रंगवून कसं चालेल?

मुलांनी जे केलं ते आता लक्ष देऊन ऐका, कारण आजच्या भाषणातली कारागिरी हीच. फळीवर कायमचं पाणी रंगवलं ते फक्त खाडीच्या मधल्या धारेत. दोन्ही बाजूंना चिखल केला: चहाचा चोथा बारीक वाटून, फेविकॉल आणि काळपट तपकिरी रंगात कालवून, आणि वाळल्यावर वर नखांना लावायच्या बिनरंगी पॉलिशचा हात. त्याने चिखल ओला चमकतो. मग मिठाईच्या खोक्यावरचं पारदर्शक प्लास्टिक घेतलं, काठाच्या वळणाप्रमाणे त्याच्या लांब पट्ट्या कापल्या, आणि पट्टीच्या खालच्या बाजूने हिरवट मातकट रंगाचा पातळ हात दिला. खालच्या बाजूने, म्हणजे वरून पाणी तकतकीत दिसतं आणि रंग खरवडत नाही. सुकतीला पट्ट्या बाजूला, सगळा चिखल उघडा, चिखलात सैन्याची चाल निम्मी. पाणी चढायला लागलं की दोन डावांना एक पट्टी ठेवायची, धारेकडून काठाकडे. जिथे पट्टी आली तिथे पायदळ जाऊ शकत नाही.

खेळाच्या दिवशी आजोबा हजर. पट्ट्या त्यांच्याच हातात दिल्या. विजरई झालेला मुलगा हुशार होता, जखमी होऊनही माघार नीट घेत होता. महाराजांची बाजू खेळणारा मात्र पेटला, घोडदळ घेऊन थेट चिखलात. सगळे म्हणतात थांब, तो थांबेना. आजोबांनी शांतपणे पुढची पट्टी उचलली आणि महाराजांच्या घोड्याखाली सरकवली.

"आतां?" ते म्हणाले. "आतां खंडो बल्लाळ खंय आसा?"

परंपरेने चालत आलेली हकिगत तुम्हाला ठाऊक आहे. भरतीच्या पाण्यात महाराजांचा घोडा पोहणीला लागला तेव्हा खंडो बल्लाळांनी उडी घेऊन त्यांना वाचवलं. पण आमच्या नियमांत खंडो बल्लाळ नव्हते! पोरं एकमेकांकडे बघायला लागली. निकाल आजोबांनीच दिला: फासा टाका, सहा पडला तर वाचले. पोराने टाकला. चार.

आजोबांनी फासा उचलून परत त्याच्या हातात दिला. म्हणाले, "हो फासो सारको पडूंक ना. परत मार."

सहा पडेपर्यंत मारायला लावला. विजरईने तक्रार केली, ती कोणी ऐकून घेतली नाही.

घड्याळाचा काटा पुढे सरकला आहे, तेव्हा उरलेलं भराभर सांगतो. समुद्राची वाळू वापरणार असाल तर गोड्या पाण्यात दोन-तीनदा धुऊन घ्या. मीठ हवेतली ओल ओढतं आणि फेविकॉल सुटतो. चतुर्थीच्या मखराचं उरलेलं थर्माकोल घरात असेल तर त्यावर फवाऱ्याचा रंग मारू नका, ते विरघळतं. नखांच्या पॉलिशनेही तेच होतं. मी स्वतः थर्माकोलच्या विरुद्ध आहे, मखरातही आणि टेकडीतही, पण ज्यांच्याकडे पडून आहे त्यांनी निदान पाण्याचा रंग वापरावा. प्लास्टिकच्या पट्ट्यांना मागून क्रमांक घाला, नाहीतर ऐन भरतीत कुठली कुठे बसते ते शोधत बसाल. आणि फळी उभी ठेवू नका, आडवीच ठेवा, माळ्यावर किंवा पलंगाखाली, जुन्या चादरीत गुंडाळून.

सगळा खर्च फेविकॉल, दोन-तीन रंग आणि सुतळीचा गुंडा. खसखस स्वयंपाकघरातून घेणार असाल तर घरच्यांना विचारून घ्या.

नमस्कार.