गैरहजर माणसाचं वजन

(दृश्य: वजनकाट्यावर अनवाणी पाय)

पीएचडी हातात असली, तरी लठ्ठपणाच्या उपचारांवर काम करायला आलेल्या पोस्टडॉकचा पहिला धडा वजनकाट्याचाच. काटा सपाट, कडक जमिनीवर. सहभागी उपाशीपोटी, लघवीला जाऊन आलेला, कपडे हलके, खिसे रिकामे. अर्धा लिटर पाणी म्हणजे अर्धा किलो, आणि दोन भेटींमधला खरा फरक कधीकधी तेवढाच असतो.

(दृश्य: कमरेभोवती टेप)

टेप बेंबीवर धरायची नाही. पोट सुटलं की बेंबी खाली सरकते. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड बोटांनी चाचपायची, मधोमध खूण करायची, श्वास सहज सोडला की आकडा वाचायचा. दोन मापांत १ सेंटीमीटरहून जास्त तफावत आली, तर पुन्हा मोजायचं.

खाण्याचा हिशेब याहून अवघड. लोक कमीच सांगतात, आणि त्यात लबाडी क्वचितच असते: चव घेताना पोटात गेलेलं कोण लक्षात ठेवतं? पडताळ्यासाठी ड्युटेरियम (जड हायड्रोजन) आणि ऑक्सिजन-१८ (जड ऑक्सिजन) असलेलं पाणी पाजतात. ड्युटेरियम शरीरातून पाण्यावाटेच जातं. ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडवाटेही. एक-दोन आठवड्यांच्या लघवीच्या नमुन्यांत दोन्ही किती वेगाने घटले, त्यातल्या फरकावरून बाहेर पडलेला कार्बन डायऑक्साइड आणि त्यावरून ऊर्जेचा खर्च निघतो. पद्धत महागडी, म्हणून मोजक्यांवरच.

(दृश्य: इंजेक्शनचं पेन)

वजन घटवणारं औषध सेमाग्लूटाइड आठवड्याला ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू होतं, आणि दर ४ आठवड्यांनी वाढवत २.४ पर्यंत नेतात. घाई केली की मळमळ, उलट्या. मग माणूस औषधही सोडतो आणि भेटीही.

खरी मेख इथे आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १,९६१ जणांच्या स्टेप-१ चाचणीत सेमाग्लूटाइड दिलेल्या गटाचं ६८ आठवड्यांनी सरासरी १४.९ टक्के वजन घटलं, औषध मध्येच थांबवलेल्यांना धरून. सगळ्यांनी ते चालू ठेवलं असतं तर, असा हिशेब मांडला की १६.९. चाचणी एकच, प्रश्न दोन. कोणता विचारायचा, हे पहिला सहभागी येण्याआधी आराखड्यात लिहिलेलं हवं.

(दृश्य: पडद्यावर तक्ता, एक चौकट रिकामी)

भेटीला न आलेल्या सहभागीच्या या चौकटीत मागच्या भेटीचं वजन उतरवणं सोपं. पण औषध थांबलं की वजन बहुधा परत चढतं, आणि चढलेल्या वजनाचा माणूस काट्यापासून लांबच राहतो. त्यामुळे पोस्टडॉक फोन उचलतो.

“औषध बंद केलंत? चालेल. फक्त वजनाला या.”