प्रश्न विचारणाऱ्या रमाबाई कुठे गेल्या?

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पाळकसाहेब, बंधुभगिनींनो, आणि मागच्या बाकांवरची तरुण मंडळी! मागच्या बाकांकडे बघून बोलले तर पुढच्यांनी राग मानू नये. तुम्ही पुढच्या रविवारीही इथेच असणार आहात. मागच्यांचा मला भरवसा वाटत नाही, आणि म्हणूनच आज मी आले आहे.

विषय आहे 'इव्हँजेलिकल मंडळीची आतून सुधारणा'. इव्हँजेलिकल मंडळी म्हणजे बायबलला आणि प्रत्येकाच्या स्वतःच्या विश्वासाला सर्वांत वर मानणारे आपण ख्रिस्ती. त्याकडे येते. पण आधी पंडिता रमाबाई, आणि त्या थोडा वेळ घेतील.

आपल्याकडे रमाबाईंची साक्ष कितीदा सांगितली जाते! केडगावचं मुक्ती मिशन, 1905 चं संजीवन, म्हणजे विश्वासाच्या जागृतीची लाट, प्रार्थनेला बसलेल्या शेकडो मुली. सगळं खरं आहे आणि मोलाचंही आहे. पण 29 सप्टेंबर 1883 ला इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी लहानग्या लेकीसह, मनोरमेसह, बाप्तिस्मा घेतला आणि पुढची दोन-तीन वर्षं वरिष्ठांशी पत्रांतून सतत वाद घातला, हा भाग आपल्या साक्षीतून गळतो. संडेस्कूलच्या नाटकात तर तो मी कधीच पाहिला नाही. बाप्तिस्मा झाला की पडदा पडतो आणि वर उचलला की थेट केडगाव!

वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन त्यांच्या आध्यात्मिक मार्गदर्शक. रमाबाई त्यांना पत्रात 'आजीबाई' म्हणायच्या. तर या आजीबाईंशी भांडण कशावरून? चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना रमाबाईंनी तरुण पुरुषांनाही शिकवावं असं निघालं, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. बाईमाणसाला ते शोभणार नाही म्हणे! आता हे कुणाला सांगता? अनंतशास्त्री डोंगऱ्यांच्या मुलीला! ज्या बापाने समाजाचा रोष पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं, त्याच्या मुलीला! रमाबाईंनी उत्तर दिलं की माझ्या वडिलांनी किंवा नवऱ्याने कधी असा आक्षेप घेतला नाही, आणि इंग्रज लोक तो घेताहेत याचं मला नवल वाटतं. हे पत्र मी जेव्हा जेव्हा वाचते, तेव्हा मला उठून टाळ्या वाजवाव्याशा वाटतात.

मग क्रूसाचा वाद. गळ्यात घालायच्या क्रूसावर लॅटिन अक्षरं होती. रमाबाईंनी विचारलं, आमच्या संस्कृतपेक्षा लॅटिनमध्ये अधिक पवित्र असं काय आहे? त्याहून मोठा वाद त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीचा. ही शिकवण सांगणारा, अथनेसियसच्या नावाने चालणारा मतांगीकार (विश्वासाची ठरलेली कबुली) त्या म्हणेनात, कारण शास्त्रात तो त्यांना दिसत नव्हता. जेराल्डीनबाईंना हा गर्व वाटला. त्यावर 1885 मध्ये रमाबाईंनी लिहिलं त्याचा मथितार्थ असा: मोठ्या कष्टाने मी हिंदुस्थानातल्या पुरोहितांच्या जोखडातून सुटले आहे, तसलंच दुसरं जोखड मानेवर घ्यायला मी तयार नाही.

बाप्तिस्म्याला जेमतेम दोन वर्षं झालेली बाई हे लिहिते! आपल्या मंडळीत एखाद्या नव्या विश्वासणारीने असं पत्र लिहिलं तर आपण काय करू, हे मनातल्या मनात एकदा खरंखुरं सांगा.

पुढे 1891 च्या सुमारास त्यांना जाणवलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळायचा राहिला. तिथून त्यांच्या जीवनाने नवं वळण घेतलं. आपले वक्ते इथे म्हणतात, 'बघा, शंका संपल्या आणि विश्वास आला.' मला हे पटत नाही. हीच बाई पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकते आणि आयुष्याची शेवटची वर्षं अख्खं बायबल स्वतः मराठीत आणण्यात घालवते. दुसऱ्याने सांगितलं म्हणून मानायचं नाही, ही वाँटेजची सवय केडगावच्या त्या मेजावरही बसलेली होती. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या, तोवर त्यांनी भाषांतर हातावेगळं केलं होतं.

आता माझी तक्रार. माझ्या ओळखीची एक मुलगी, बायबल क्लासला नेमाने येणारी. बायबलमधलं यहोशवाचं पुस्तक चाललं होतं, इस्राएल लोकांनी यरीहो शहर जिंकलं तो भाग. तिने विचारलं, यरीहोत लहान मुलांनाही मारलं, त्यांचा काय अपराध होता? शिकवणाऱ्यांनी पुस्तक मिटलं आणि सांगितलं, शंका सैतानाकडून येते, तू उपास करून प्रार्थना कर. तिने उपास केला, प्रार्थनाही केली. प्रश्न तसाच राहिला, कारण तो खरा प्रश्न होता. ती आता येत नाही. घरच्यांना सांगतात, ती थंडावली. थंडावली? क्लासमधल्या सगळ्यांत त्या मेलेल्या मुलांसाठी जीव तुटला तो तिचा एकटीचा!

बायबलमध्ये निरपराध असून दुःख भोगणाऱ्या ईयोबाचं पुस्तक आहे. त्याच्या शेवटच्या अध्यायात देव कुणावर रागावतो ते पाहा. देवाची बाजू घेऊन ठरावीक उत्तरं देणाऱ्या मित्रांवर. आणि ओरडून जाब विचारणाऱ्या ईयोबाबद्दल म्हणतो, हा माझ्याविषयी यथार्थ बोलला. बिरुया गावच्या लोकांनी तर प्रेषित पौलाचं बोलणंसुद्धा शास्त्राशी ताडून पाहिलं, आणि त्याबद्दल प्रेषितांच्या कृत्यांत त्यांची स्तुती आहे. आपल्याकडे बाहेरून आलेल्या वक्त्याचं बोलणं कोण ताडून पाहतं?

चिठ्ठी आली आहे, थोडीच मिनिटं उरली. म्हणजे मुख्य विषय आता पळत पळत.

मंडळी चुकते, आणि प्रामाणिक असेल तर कबूल करते. अमेरिकेतली सदर्न बॅप्टिस्ट मंडळी 1845 मध्ये वेगळी निघाली, कारण गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी नेमायचं की नाही यावर तंटा झाला. ज्यांनी गुलामगिरीची बाजू घेतली ते बायबल उघडूनच बोलत होते! त्याची माफी मागायला 1995 उजाडलं. त्याच मंडळीच्या नेत्यांनी लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी वर्षानुवर्षं दाबल्या, असा अहवाल 2022 मध्ये आला. आरोप असलेल्यांची 700 हून अधिक नावांची यादी कार्यालयात होती आणि बाहेर कुणाला पत्ता नव्हता. या तक्रारी ज्यांनी लावून धरल्या त्यांच्यात मंडळीतच वाढलेल्या बायका होत्या. त्यांना मंडळीच्या वैरी ठरवलं गेलं.

उलटही घडलेलं आहे. 1974 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये लोझानला जगभरच्या इव्हँजेलिकल मंडळींची परिषद भरली, तिथे रेने पादिया, सॅम्युएल एस्कोबार या लॅटिन अमेरिकनांनी विचारलं, सुवार्ता सांगता आणि गरिबावरच्या अन्यायाबद्दल गप्प कसे बसता? त्या परिषदेच्या करारात या दुर्लक्षाबद्दल पश्चात्ताप लिहिला गेला. प्रश्न विचारणारे त्याच सभागृहात बसलेले होते. आपले ना. वा. टिळकही 1917 मध्ये मिशनचा पगार सोडून 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा स्वतंत्र मेळा काढायला निघाले ते ख्रिस्ताला घट्ट धरूनच.

मग आपण काय करायचं? वर्गणीचा आणि परदेशी देणगीचा हिशेब वर्षातून एकदा सगळ्यांसमोर वाचा, आणि उभं राहून शंका विचारणाऱ्याला अविश्वासू म्हणू नका. पाळकाविरुद्ध तक्रार आली तर चौकशी पाळकाच्या मित्रांकडे देऊ नका. गुन्हा असेल तर आधी पोलीस, मग प्रार्थनासभा. लग्न जुळवताना जात विचारणं बंद करा. आपण ती विचारतो, सगळ्यांना ठाऊक आहे. बायकांना उपदेशाला उभं करा, आणि केवळ महिला रविवारी नको. बायबल क्लासचा अर्धा वेळ प्रश्नांना द्या. उत्तर येत नसेल तर शिकवणाऱ्याने 'मला माहीत नाही' म्हणावं, आणि पुढच्या आठवड्यात वाचून यावं.

त्या मुलीला मी बोलावलं होतं. आज ती आलेली नाही. तुमच्यापैकी जे तिच्या घरी जाल, त्यांनी कृपा करून तिला उत्तर द्यायला जाऊ नका. यहोशवाचं पुस्तक घेऊन जा आणि तिच्याबरोबर वाचा.