फिट्टंफाट कोण ठरवणार?

नमस्कार मंडळी.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'आपले सण, आपली मुलं' असं छापलंय. ते भाषण घरी आहे, चांगलं आहे, पुढच्या वर्षी करीन. कारण मंगळवारी आमच्याकडे महाभारत झालं. नातीने नातवाचा लेगोचा किल्ला मोडला. त्याने तिच्या टॅब्लेटचा चार्जर तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला. सुनेने जाब विचारला, तर छाती पुढे काढून म्हणतो, "मी बदला घेतला!"

मला चार्जरचा नाही, त्या 'बदल्या'चा राग आला. म्हटलं, "बाळा, चार्जर लपवला तर बदला होत नाही. त्याला उट्टं काढणं म्हणतात." आणि मग मी सुटलेच. मास्तरीण पेन्शनीत गेली तरी हातातला खडू सुटत नाही.

उट्टं निघतं जावाजावांत, शेजाऱ्यापाजाऱ्यांत, एका बाकावरच्या पोरांत. त्यात थोडा खट्याळपणा असतो. वचपा म्हणजे गेलेलं भरून काढणं. व्यापारी गेल्या हंगामातल्या तोट्याचा वचपा काढतो. नोव्हेंबर २०२३मध्ये अहमदाबादच्या वर्ल्ड कप फायनलमध्ये ऑस्ट्रेलियाकडून हरल्यावर आपल्यातल्या निम्म्यांना जेवण गेलं नाही. जून २०२४मध्ये सेंट लुसियाला रोहितने ९२ ठोकल्या आणि ऑस्ट्रेलियाला घरी पाठवायची वाट दाखवली, तो वचपा. तिथे 'सूड' म्हणून बघा, कानाला खटकतं. सूड काढत नाहीत, उगवतात. त्यासाठी आधी वर्षानुवर्षं डूख धरून बसावं लागतं.

यावरून घरात दुसरं भांडण पेटलं. पानिपत १७६१चं. तिथे अब्दालीला साथ देणारा रोहिला सरदार नजीबखान १७७०मध्ये आजारपणात गेला. मराठी फौजा त्याच्या पत्थरगडावर पोचल्या १७७२मध्ये, आणि त्यांनी त्याची कबर फोडली. ह्यांचं म्हणणं, हाच पानिपतचा वचपा. मी म्हटलं, १७७१मध्ये दिल्ली घेतली, पुढे बादशहाला तख्तावर आणून बसवलं, तो वचपा. मेलेल्याची कबर फोडणं हा निव्वळ सूड. त्या रात्री ह्यांनी आपलं ताट आपणच वाढून घेतलं.

नातू सगळं ऐकत होता. त्याला मी 'फिट्टंफाट' समजावलं. तू एक दिलीस, तिने एक दिली, मिटलं. तो म्हणाला, "पण आजी, मिटलं हे कोण ठरवणार? ती म्हणते तिची एक राहिलीय. मी म्हणतो माझी."

यावर मी काय बोलणार? इथल्याच एका वहिनींनी माझं मोदकपात्र नेलं, ते परत आलं झाकणाशिवाय. त्या संक्रांतीला हळदीकुंकवाची यादी करताना माझ्याकडून त्यांचं नाव 'राहिलं'. गणपतीत त्यांच्याकडून माझं राहिलं. त्या आत्ता तिसऱ्या रांगेत बसून हसतायत, पण झाकण अजून आलेलं नाही.

बाकीच्यांनी हसू नका. मंडळाचं काय वेगळं आहे? एकांकिकेची दहा मिनिटं कापली म्हणून पुढच्या वर्षी लावणीला माईक मिळाला नाही. माईक मिळाला नाही म्हणून वर्गणी थांबली. वर्गणी थांबली म्हणून आज या शहरात दोन गणपती बसतात, आणि दोन्हीकडे आरतीला टाळ वाजवायला माणूस शोधावा लागतो. ती पहिली दहा मिनिटं कोणी कापली, असं विचारलं की दोन्ही गट एकमेकांकडे बोट दाखवतात. घरी परतताना गाडीत या सगळ्याची उजळणी होते. मागच्या सीटवर मुलं असतात. त्यांना मराठी कळत नाही, अशी आपली समजूत.

पुढच्या सत्रात रविवारच्या मराठी शाळेत मला वाक्प्रचार शिकवायचे आहेत. उट्टं, वचपा, डूख, सगळ्यांची उदाहरणं मला या सभागृहातच मिळाली. फिट्टंफाटचं मात्र एकही सापडलेलं नाही. कुणाला आठवलं तर चहाच्या वेळी सांगा.