मूठ टेकायची, पंजा नाही

[पडद्यावर: खाटेची कड. त्यावर टेकलेला एक हात.]

हा हात बघा. बोटं आत वळलेली, मूठ घट्ट, मनगट सरळ. पंजा पसरून त्यावर अंगाचा भार टाकत राहिलं की मनगट दुखायला लागतं. ज्याचे पाय गेलेत त्याला मनगट गमावून चालत नाही. म्हणून मूठ. पाठीचा कणा दुखावलेल्यांच्या या शिबिरात पहिल्या दिवशी, अगदी पहिल्या तासाला शिकवतात ते हे.

हा मुलगा कोकणातला, बावीस वर्षांचा. आंब्याच्या हंगामात झाडावर चढला होता, फांदी मोडली. पाठीच्या कण्याला मार लागला आणि कमरेखालची जाणीव गेली. ऑपरेशन झालं, टाके निघाले आणि ‘आता घरी न्या, सेवा करा’ असं सांगून सोडून दिलं. बसायचं कसं, चाकाच्या खुर्चीत जायचं कसं, लघवीचं काय करायचं, हे कुणीच सांगितलं नाही. पुढची दोन वर्षं आईनं त्याला कुशीवर वळवलं, उचललं, आंघोळ घातली. दाराशी पदर धरून उभ्या आहेत त्या त्याच्या आई.

आणि त्याच्या समोर चाकाच्या खुर्चीत बसलेत ते दादा. इथं सगळे त्यांना दादाच म्हणतात. विहिरीच्या कामावर असताना दरड अंगावर आली, त्याला वीस वर्षं झाली. ते डॉक्टर नाहीत. पण खाटेवरून खुर्चीत जाताना कुठं घाबरायला होतं, हे त्यांना आठवतं. आमच्या मते शिकवणाऱ्याकडं ही आठवण असणं सगळ्यात महत्त्वाचं आहे.

“मावशी,” दादा म्हणतात, “तुम्ही आज नुसतं बसायचं. हात लावायचा नाही.”

[पडद्यावर: खुर्ची खाटेला लावणं. हा प्रसंग न कापता पूर्ण ठेवावा.]

खुर्चीतून खाटेवर जाताना खुर्ची खाटेला अगदी समांतर लावायची नाही, थोडी तिरकी लावायची. दोन्ही ब्रेक लावायचे आणि लावलेत का ते हलवून बघायचं. खुर्चीचा खाटेच्या बाजूचा हात काढून ठेवायचा. पाय हातांनी उचलून पायपट्टीवरून खाली घ्यायचे आणि तळवे जमिनीला नीट टेकलेत का ते डोळ्यांनी बघायचं, कारण पाय आपण होऊन सांगणार नाहीत. मग बैठकीच्या पुढच्या कडेला सरकायचं. एक मूठ खाटेवर, एक खुर्चीवर.

आता खरी गोम. अंग उजवीकडं न्यायचं असेल तर डोकं डावीकडं, खाली टाकायचं. नवीन माणूस उलटं करतो. जायचंय तिकडंच बघतो, डोकंही तिकडंच नेतो आणि बूड जागचं हलत नाही. दादा हे तराजूसारखं समजावतात. एक पारडं खाली गेलं की दुसरं वर येतं.

पहिल्या खेपेला तो मधेच अडकला. खाट आणि खुर्ची यांच्या फटीत. आई उठल्या. दादांनी नुसता हात वर केला. दादांच्या बाजूला एक मदतनीस तयारीत उभा होता, तो पुढं झाला नाही, पण त्याची नजर हलली नाही. “मूठ कुठाय तुझी? हां. डोकं खाली. अजून खाली. आता ढकल.”

मध्ये एक गुळगुळीत फळी टाकायचीही पद्धत आहे. तिच्यावरून घसरत जाता येतं. हातांत पुरेसं बळ नसलेल्यांना ती लागते. या मुलाला पहिले तीन दिवस लागली, चौथ्या दिवशी त्यानंच ती बाजूला सारली.

[पडद्यावर: बसलेला मुलगा. पुढं काही क्षण निवेदन नाही.]

खुर्चीतल्या माणसाला खुर्चीतल्या माणसानं शिकवायचं, ही गोष्ट कालपरवाची नाही. दुसऱ्या महायुद्धापूर्वी पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू दुखावलेले बहुतेक रुग्ण फार दिवस काढत नसत. पाठीला जखमा व्हायच्या, लघवीचा संसर्ग व्हायचा आणि त्यातच ते जायचे. १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिलच्या रुग्णालयात लुडविग गुटमन या डॉक्टरांनी वेगळा वॉर्ड सुरू केला. दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायची, दिवस असो वा रात्र. आणि रुग्णाला नुसतं पडून राहू द्यायचं नाही, काम द्यायचं, खेळायला लावायचं. १९४८ च्या जुलैत त्यांनी तिथंच खुर्चीतल्या १६ जणांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. पॅरालिम्पिकचं बी ते.

त्याच पॅरालिम्पिकमध्ये १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गला भारताला पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं ते सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांनी. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेला सैनिक, ५० मीटर पोहण्यात जगात पहिला. पुढं १९७४ मध्ये पुण्यात खडकीला जखमी जवानांसाठी पॅराप्लेजिक, म्हणजे कमरेखाली लुळे पडलेल्यांचं, पुनर्वसन केंद्र उभं राहिलं.

आणि कोल्हापूर. ऐन शिक्षणाच्या वयात नसीमा हुरजूक यांचे पाय गेले. त्यांची गाठ पडली बाबूकाका दिवाण यांच्याशी. बाबूकाकाही कमरेखाली लुळे, पण स्वतः गाडी चालवायचे. ते पाहून नसीमाताईंच्या मनात काय हललं असेल, याची कल्पना करा. डॉक्टरांचे शंभर शब्द आणि स्टिअरिंगवर बसलेला असा एक माणूस! पुढं १९८४ मध्ये नसीमाताईंनी कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली.

अपंगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारतानं २००७ मध्ये स्वीकारला. त्याच्या २६ व्या कलमात पुनर्वसनाबद्दल लिहिताना ‘सम-अनुभवी व्यक्तींचा आधार’ असं स्पष्ट म्हटलंय. २०१६ चा आपला दिव्यांग हक्क कायदाही आहे. कागदावर सगळं आहे. दादांसारख्या माणसाला मात्र अजून सगळीकडं स्वयंसेवकच समजतात, शिक्षक म्हणून मानधन द्यायचं कुणाला सुचत नाही.

[पडद्यावर: पँटीचा मागचा भाग, जवळून.]

ही पँट बघा. मागचा खिसा उसवून टाकलाय. नुसता टाका नव्हे, कापडाचा तुकडाच काढलाय. खिशाची जाड शिवण बैठकीच्या हाडाखाली आली की तिथली कातडी दबते, रक्त जात नाही आणि बसणाऱ्याला काहीच कळत नाही. काही तासांतच लाल चट्टा पडू शकतो. चट्टा बोटानं दाबून बघायचा, लाली जात नसेल तर धोका सुरू झालाय. असा चट्टा दिसला की त्यावर पुन्हा बसायचं नाही, तो जाईपर्यंत पडून राहायचं. जखम झाली तर भरायला महिने जातात.

म्हणून लांब दांड्याचा आरसा. सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपताना, दोन्ही वेळा आपली पाठ, बैठक, टाचा आपणच बघायच्या. दादांच्या पिशवीतला आरसा एका जुन्या स्टीलच्या पट्टीवर बसवलेला आहे. त्यांनी स्वतः केलेला, बाजारातला नाही.

आणि हा गजर. दादांच्या मोबाइलवर दर वीस मिनिटांनी वाजतो. वाजला की हातातलं काम ठेवायचं आणि पुढं वाकायचं, किंवा एका कुशीवर कलायचं, नाहीतर दोन्ही मुठींवर अंग उचलून धरायचं. दोन सेकंदांचं हालणं पुरेसं नसतं, दादा सगळ्यांना मोठ्यानं मोजायला लावतात. बैठकीखालची कातडी मोकळी व्हायला वेळ लागतो. पहिले दोन दिवस मुलं एकमेकांकडं बघून हसत होती, गजर म्हणजे शाळेची घंटा झाली होती.

लघवीच्या नळीचं दादा एकेकट्याला बाजूला घेऊन सांगतात. साबणानं हात धुवायचे आणि दर चार ते सहा तासांनी, स्वतःच्या हातानं, नळी घालून लघवी काढायची. कॅमेरा आम्ही बाहेरच ठेवला.

[पडद्यावर: उंबरठा.]

घराचा उंबरठा किती? चार इंच. खुर्चीला तो डोंगर. दोन्ही हात चाकांवर मागं घ्यायचे आणि एकदम पुढं ढकलायचं, पुढची लहान चाकं हवेत उठतात. तेवढ्यात ती उंबरठ्यापलीकडं टेकवायची, अंग पुढं झुकवायचं आणि मोठी चाकं वर ओढून घ्यायची. मागं एक जण दोन्ही हात पसरून उभा असतो, शिकताना त्याच्याशिवाय कुणी हे करायचं नाही.

पायऱ्या असतील तर मात्र उतारच हवा. दादा खडूनं जमिनीवर आखून दाखवतात. एका फुटाच्या चढाला बारा फूट लांबी. तीन पायऱ्या म्हणजे साधारण दीड फूट, म्हणजे अठरा फूट उतार. मुलानं मनातल्या मनात घरचं अंगण मोजलं असावं, कारण तो म्हणाला, “तुळस थोडी बाजूला घ्यावी लागेल.”

चहा त्यानं सहाव्या दिवशी केला. खालच्या ओट्यावर, शेगडी पुढ्यात, पातेलं सांडशीत धरून. मांडीवर काही गरम ठेवायचं नाही, हा दादांचा कडक नियम, कारण भाजलं तरी कळणार नाही. आंघोळीचं पाणी कोपरानं बघायचं. पहिला कप आईच्या हातात दिला.

शिबिर दहा दिवसांचं होतं. घरी उतार झाला, तुळस हलली. मोबाइल दुरुस्तीचं काम शिकायला तो तालुक्याच्या गावी जातो.

[पडद्यावर: शेवटच्या रात्रीचं जेवण. पिठलं, भाकरी, ठेचा. ताटं मांडीवर नाहीत, पाटावर.]

गजर वाजतो. कुणी कुणाला सांगत नाही. घास तोंडातच असतो, भाकरी ताटात राहते आणि अकरा जण मुठींवर उचलले जातात. मोजणाऱ्याचा आवाज आज दादांचा नाही, मुलाचा आहे. “चौदा, पंधरा, सोळा…”