टाकीतला दाब : काट्यावरचा आणि पडद्यावरचा

पाणबुड्याच्या एकाच हवेच्या टाकीला काट्याचे गेज, म्हणजे दाबमापक, जोडलेले आहे आणि डाइव्ह कॉम्प्युटरला, म्हणजे पाणबुड्याच्या मनगटावरच्या पडद्याच्या उपकरणाला, आकडा पाठवणारा ट्रान्समीटरही. काटा १९० बार (बार हे दाबाचे एकक) दाखवतो, पडद्यावर १९७ दिसतात. यातले खरे कोणते, असे विचारले की बहुतेक जण पडद्याच्या बाजूने कौल देतात, कारण तिथला आकडा एकेका बारने बदलताना डोळ्यांना दिसतो. माझ्या मते ही घाई आहे. उपकरण एका बारपर्यंत आकडा दाखवते, एवढ्यावरून तो आकडा एका बारपर्यंत बरोबर आहे असे ठरत नाही, आणि पाण्याखाली श्वास त्या आकड्यावर अवलंबून असताना हा फरक विसरून चालत नाही.

काट्याच्या गेजची रचना युजीन बूर्दाँ या फ्रेंच अभियंत्याने १८४९ मध्ये पेटंट घेतलेल्या कल्पनेवर आजही उभी आहे. आत एक चपटी, वळवलेली धातूची नळी असते. फुंकल्यावर उलगडणाऱ्या कागदी पिपाणीप्रमाणे ती दाबाने किंचित सरळ होऊ पाहते आणि तिच्या मोकळ्या टोकाची ती अत्यल्प हालचाल दात्यांच्या चाकांमार्फत काट्यापर्यंत पोचते. अशा गेजची अचूकता पूर्ण मापाच्या टक्क्यांत सांगतात. तबकडी ४०० बारची आणि अचूकता अडीच टक्क्यांची असेल, तर चूक कुठेही १० बारपर्यंत असू शकते. २०० बारला हे पाच टक्के झाले, पण ५० बारला तेच १० बार म्हणजे वीस टक्के. ज्या टप्प्यावर अचूकतेची खरी गरज असते, नेमक्या त्याच टप्प्यावर गेजचा भरवसा सर्वांत कमी असतो.

हे १० बार किती, तेही पाहू. बारा लिटरच्या टाकीत ते १२० लिटर हवेइतके होतात. पृष्ठभागावर मिनिटाला वीस लिटर हवा घेणारा पाणबुड्या २० मीटर खोलीवर, म्हणजे हवा आणि पाणी मिळून तीन बार निरपेक्ष दाबाखाली, साठ लिटर वापरतो. म्हणजे चूक दोन मिनिटांची आहे. शिवाय टाकी शून्यावर येईपर्यंत हवा सुरळीत मिळत राहते असेही नाही. टाकीतला दाब श्वास घेण्याजोगा उतरवणाऱ्या रेग्युलेटरच्या पहिल्या टप्प्याला भोवतालच्या दाबापेक्षा साधारण नऊ-दहा बार अधिक दाब राखायचा असतो, त्यामुळे ३० मीटरवर टाकीत तेरा-चौदा बार उरले की श्वास ओढणे जड होऊ लागते.

ट्रान्समीटरमध्ये नळीऐवजी सेन्सर असतो. एक पातळ पटल दाबाने वाकते, त्याबरोबर रोधकांचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून दाब काढला जातो. नवा, नीट जुळवलेला सेन्सर साधारण काट्यापेक्षा सरस ठरतो, हे मान्यच करायला हवे. पण तापमान आणि वय यांमुळे त्याचेही शून्य सरकते, आणि सरकलेला आकडाही पडद्यावर तितक्याच ठामपणे उमटतो.

म्हणून दोन्हींतला फरक एकदाच पाहून निष्कर्ष काढू नये. टाकी भरलेली असताना, अर्धी असताना आणि ५० बारच्या आसपास असताना तो टिपून ठेवावा. दाब उतरेल तसा फरकही आटत गेला, तर दोघांपैकी एकाच्या मापनाचे प्रमाण चुकले आहे आणि खालच्या टप्प्यात ते फारसे नडत नाही. फरक खालपर्यंत तेवढाच राहिला, तर कोणाचे तरी शून्य सरकले आहे. कोणाचे, हे टाकी बंद करून, रेग्युलेटरमधला दाब पूर्ण सोडून दिल्यावर लगेच कळते. दाब सोडल्यावरही काटा २० बारवर अडकून राहत असेल, तर ते गेज पाण्यात नेऊ नये, कारण ते रिकाम्या टाकीतही हवा दाखवणार आहे. तपासणी होईपर्यंत दोघांपैकी कमी आकडाच खरा धरावा.

उपकरणावर विनाकारण दोष येतो तो तापमानामुळे. ४० अंशांवर २०० बार दाखवणारी टाकी २० अंशांच्या पाण्यात गेली की सुमारे १८७ बारवर येते. इथे दोन्ही उपकरणे खरेच बोलत असतात. हवा तेवढीच आहे, दाब खरोखर उतरला आहे.

आता काट्याचा एक गुण सांगतो, ज्यासाठी मी तो काढून टाकण्याच्या विरोधात आहे. टाकीचा व्हॉल्व्ह चुकून अर्धवटच उघडलेला असला, तर उभ्या उभ्या पाहताना दोन्ही आकडे निर्दोष दिसतात. पण गेजकडे पाहत तीन-चार दमदार श्वास घेतले की प्रत्येक श्वासाला काटा खाली झुकतो आणि पुन्हा वर येतो. बरेचसे ट्रान्समीटर काही सेकंदांच्या अंतराने आकडा पाठवतात, त्यामुळे हे झुकणे दोन संदेशांच्या मधल्या वेळेत निसटून जाऊ शकते. वर जेमतेम जाणवणारा हा अडथळा खोलीवर, जिथे प्रत्येक श्वासाला अधिक हवा वाहावी लागते, श्वासच रोखू शकतो. पाण्यात उतरण्यापूर्वीचे ते तीन-चार श्वास, मनगटावर कितीही चांगला कॉम्प्युटर असला तरी, काट्यावर नजर ठेवूनच घ्यावेत.